इंदूरची काळी ट्रंक: बिल्ले, फिती आणि पंचांगं यांवरून एका लष्करी पंडितजींच्या नोकरीचा माग

इंदूरमधल्या एका मराठी घराच्या माळ्यावर काळी लोखंडी ट्रंक होती. घरातले आजोबा सैन्यात पंडितजी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडची माहिती तीन वाक्यांत संपायची: आजोबा मराठा पलटणीत होते, एकाहत्तरच्या लढाईत ढाक्याला होते आणि लेफ्टनंट म्हणून निवृत्त झाले. हाताशी कागद एकही नव्हता. ट्रंकेतल्या सामानावरून त्यांची नोकरी मांडली, तेव्हा पहिलं वाक्य अर्धं खरं निघालं आणि उरलेली दोन चुकीची. नोकरी मात्र ऐकीव माहितीपेक्षा मोठी निघाली.

आधी पंडितजींच्या हुद्द्याविषयी, कारण तो समजला नाही तर पुढचं सगळं वाचन चुकतं. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू हे धर्मगुरू म्हणून भरती होतात, तेही थेट नायब सुभेदार या जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) हुद्द्यावर. पुढची बढती सुभेदार आणि सुभेदार मेजर. त्यांचं प्रशिक्षण पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होतं. मंदिर परेड, कसम परेडीत जवानांना शपथ देणं, इस्पितळात आजारी जवानांना भेटणं, शिक्षा भोगणाऱ्यांची भेट घेणं, अंत्यसंस्कार आणि मुलांना धर्मशिक्षण ही त्यांची कामं. ब्रिटिश सैन्यातला चॅप्लिन मात्र अधिकारी असतो, चौथ्या वर्गाचा चॅप्लिन कॅप्टनच्या बरोबरीचा. त्यामुळे परदेशी संग्राहकांसाठी लिहिलेली मार्गदर्शकं आपल्या पंडितजींना तशीच लावली की हुद्दा हमखास चुकतो.

माग काढताना आणखी दोन गोष्टी धरून चालावं लागतं. जवान बहुधा सारी नोकरी एकाच रेजिमेंटमध्ये काढतो, धर्मगुरूची मात्र बदली होते. म्हणून त्याच्या सामानात एकापेक्षा जास्त रेजिमेंटची चिन्हं निघणं स्वाभाविक आहे. आणि पूजापाठ धार्मिक पोशाखात होत असल्याने गणवेश फार झिजत नाही. याच ट्रंकेत शर्टांच्या कॉलर धड होत्या आणि धोतरांच्या कडा विरलेल्या. कपडा कोरा दिसतो म्हणून तो नोकरीच्या शेवटच्या वर्षांतला, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही.

ट्रंक उघडल्यावर पहिला मोह असतो बिल्ले ब्रासोने घासायचा आणि कपडे धुवायला टाकायचा. दोन्ही टाळावं. घासण्याने उठाव झिजतो, खाचेत बसलेलं पॉलिश निघतं आणि बिल्ला किती वापरात होता याची खूण जाते. धुण्याने कपड्यावरच्या सावल्या, म्हणजे पट्टी-बिल्ल्याखाली रंग कमी उडाल्याच्या खुणा, जातात. या सावल्या किती बोलतात ते पुढे येईलच. सामान ज्या थरांत होतं त्याच क्रमाने बाहेर काढलं, प्रत्येक वस्तूला सुतळीने कागदी चिठ्ठी बांधली आणि पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. एक फोटो समोरच्या उजेडात, एक बाजूने टॉर्च धरून तिरप्या उजेडात. कपड्यावर काहीही चिकटवलं नाही. मोजदाद अशी: ओजी म्हणजे ऑलिव्ह ग्रीन रंगाचे तीन शर्ट, एक अंगोला (लोकरमिश्रित कापडाचा) शर्ट, एक जर्सी, दोन बेरे टोप्या, हुद्द्याच्या ताऱ्यांच्या तीन जोड्या, तीन वेगवेगळ्या रेजिमेंटचे शोल्डर टायटल (खांद्यावरची रेजिमेंटच्या नावाची पट्टी), एक कापडी फॉर्मेशन साइन (कोर किंवा कमांडसारख्या मोठ्या लष्करी दलाची खूण), काचेच्या फ्रेममध्ये आठ पदकं, पूजेची उपकरणं, अकरा पंचांगं आणि एक समूह फोटो.

सगळ्यात आधी मात्र ट्रंकच वाचायची असते. सैनिक बदलीवर निघाला की झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव आणि जायचं ठिकाण लिहितो. पुढच्या बदलीला त्यावर काळा हात मारून नवं लिहितो. समोरून पाहिलं तर झाकणावर एकच मजकूर होता: जेसीने सुरू होणारा जेसीओचा नंबर, सुभेदार, नाव आणि भोपाळ. टॉर्च झाकणाला जवळपास टेकवून आडवी धरली तेव्हा काळ्या रंगाखाली जुन्या अक्षरांच्या कडा उठून आल्या. तिथे हुद्द्याच्या जागी एक शब्द जास्त होता, नायब सुभेदार, आणि ठिकाण म्हणून बेळगाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. म्हणजे एकाच झाकणावर बढतीही सापडली आणि दोन मुक्कामही. इथे काही खरवडू नये, थिनर लावू नये. उजेड फिरवत दहा-बारा फोटो घेतले की अक्षरं लागतात.

जेसी नंबर मिळाला हे मोठं काम झालं. वस्तू खरोखर त्याच माणसाची आहे का, हे ठरल्याशिवाय तिच्यावरून काही सांगू नये, आणि ते ठरवायला नंबराइतकं भरवशाचं साधन नाही. नाव दहा जणांचं सारखं असतं.

लेफ्टनंटची गोष्ट खांद्यांनी निकालात काढली. जर्सीच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन तारे होते, खाली पट्टी नव्हती. दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, असं घरच्यांनी धरलं, आणि नुसते तारे पाहिले तर ते बरोबरही आहे. पण सुभेदारालाही दोनच तारे असतात. फरक असतो ताऱ्यांखालच्या लाल-पिवळ्या-लाल पट्टीचा. नायब सुभेदाराला पट्टीसह एक तारा, सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला पट्टीसह सिंहमुद्रा. जर्सीच्या खांद्यावर ताऱ्यांच्या खाली आडवा, कमी उडालेला हिरवा पट्टा होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना तुटक्या दोऱ्याचे टाके. एका टाक्यात लाल धागा अडकलेला होता. पट्टी गळून पडली होती, माणूस सुभेदारच होता. जेसीओला मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा मिळू शकतो, म्हणून ती शक्यताही तपासावी लागते. पण तसं असतं तर पट्टीची सावली असायचं कारण नव्हतं, आणि झाकणावर शेवटचा हुद्दा सुभेदार राहिला नसता.

टायटलचं काम जास्त चिकाटीचं. शोल्डर टायटल पितळी असतं. त्याच्या पाठीमागे दोन कड्या असतात, त्या कापडाच्या छिद्रांतून आत घालून पिनेने अडकवतात. टायटल बदललं की जुनी छिद्रं कापडात राहतात. अंगोला शर्टाच्या खांद्यावर छिद्रांची एकच जोडी होती, मध्यापासून मध्यापर्यंत ३६ मिलिमीटर. मराठा टायटलच्या कड्या तिथे अचूक बसल्या. जर्सीवरच्या जोडीचं अंतर २८ मिलिमीटर, आणि तिथे कुमाऊँ रेजिमेंटचं टायटल बसलं. ओजी शर्टांपैकी एकावर दोन्ही जोड्या होत्या. आतल्या बाजूने ३६ च्या छिद्रांच्या कडा मऊ होऊन बुजत आलेल्या, २८ ची छिद्रं मोकळी आणि भोवती हिरवट कळंक. म्हणजे आधी मराठा, नंतर कुमाऊँ. एकाच कपड्यावर क्रम मिळाला की तो पुरावा वेगवेगळ्या दोन कपड्यांपेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. मात्र ही मापं दुसऱ्या कुणाच्या शर्टावर लावू नयेत. कड्यांमधलं अंतर बनवणाऱ्यागणिक बदलतं, म्हणून त्याच ट्रंकेतलं टायटल त्याच ट्रंकेतल्या छिद्रांवर ताडून पाहायचं. तिसरं टायटल एकाही कपड्यावर बसलं नाही. सैन्यात टायटल आणि बिल्ले आठवण म्हणून दिले-घेतले जातात. ते बाजूला ठेवलं.

कुमाऊँचं नाव निघाल्यावर आणखी एक कोडं सुटलं. एका बेरेवरच्या बिल्ल्यात पुढचे पाय उचललेला अर्धा सिंह होता आणि त्याच्या पंजात क्रूस. घरच्यांना वाटलं होतं, हा कुणा पाद्र्याचा बिल्ला पंडितजींच्या सामानात चुकून आला. पण तो कुमाऊँ रेजिमेंटचाच बिल्ला आहे. हैदराबादचे ब्रिटिश रेसिडेंट हेन्री रसेल यांनी उभ्या केलेल्या ब्रिगेडपर्यंत या रेजिमेंटची परंपरा जाते, आणि सिंह-क्रूस हे रसेल घराण्याच्या मानचिन्हातून आलं. त्याचा धर्मगुरूच्या धर्माशी काही संबंध नाही. पूजेच्या सामानात कालीची एक तसबीर होती, पाठीवर हातानं ‘हाट कालिका, गंगोलीहाट’ लिहिलेलं. हे कुमाऊँ रेजिमेंटचं श्रद्धास्थान. ‘कालिका माता की जय’ हा त्यांचा युद्धघोष. इंदूरकरांना इथे आणखी एक धागा जवळचा वाटेल: होळकर संस्थानच्या पायदळातून आलेली पलटण आज १५ कुमाऊँ म्हणून उभी आहे. म्हणून आजोबा त्याच पलटणीत असतील, असं मानायची घाई घरात झालीच. टायटल रेजिमेंट सांगतं, पलटणीचा क्रमांक सांगत नाही. तो कागदावरूनच येतो.

आता पदकं. फ्रेममध्ये आठ होती आणि फितींचा क्रम चुकलेला. फ्रेमवाला फिती रंगाच्या शोभेने लावतो, त्यामुळे फ्रेमवरून काहीच ठरवू नये. काच काढून प्रत्येक पदक हातमोजे घालून उचललं आणि भिंग लावून कड वाचली. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर पाठीमागे पाहायचं. सात वस्तूंवर आजोबांचा जेसी नंबर मिळाला: पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, उच्च तुंगता मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, वीस वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेची मेडलं. आठवा होता पूर्वी स्टार, आणि घरातली ढाक्याची गोष्ट त्याच्यावरच उभी होती. त्याच्या पाठीवर वेगळा नंबर होता, जेसीशिवायचा. कुणा जवानाचं पदक. फ्रेम भरलेली दिसावी म्हणून कुणीतरी ते आणलं असावं.

पश्चिमी स्टार १९७१ च्या पश्चिम आघाडीचा, पूर्वी स्टार पूर्वेचा. मराठा टायटलवरून आघाडी ठरत नव्हती, कारण त्या युद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी दोन्हीकडे होत्या. तिच्या युद्धसन्मानांत जमालपूर आणि सुआडीह पूर्वेचे, बुर्ज पश्चिमेचा. आजोबांच्या नंबराचा स्टार पश्चिमेचा निघाल्यावर ढाक्याचा प्रश्न मिटला. दुसऱ्या जवानाचं पदक फेकू नये आणि विकूही नये. त्याचा फोटो, नंबर आणि ते कसं सापडलं याची टीप वेगळ्या पाकिटात ठेवली. त्यावरच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता येतं, त्याच्याही घरी कुणी ते शोधत असेल.

पदकं असण्याइतकंच नसणंही बोलतं. १९६५ च्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांना मिळणारं रक्षा मेडल इथे नाही. म्हणजे भरती बहुधा १९६५ नंतरची. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरलेल्या भागांतल्या नोकरीसाठी, आणि पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना. म्हणजे १९७१ च्या अखेरीस माणूस नोकरीत होता. वीस वर्षांचं मेडल आहे, तेव्हा नोकरी १९८५ च्या आत संपलेली नाही. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं मेडल नाही, ते १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत असलेल्यांना मिळालं. तेव्हा निवृत्ती त्याआधीची. उच्च तुंगता मेडल १९८६ मध्ये सुरू झालं, ते उंचावरच्या नोकरीचं. कडेवरचा हुद्दा पाहिला तर संग्राम आणि पंचविसाव्या वर्षाच्या मेडलवर नायब सुभेदार, वीस वर्षांच्या मेडलवर सुभेदार. बढती या दोहोंच्या मध्ये झाली. एखादं जुनं पदक हाती आलं आणि कडेवर जमादार दिसला, तर ते १९६५ च्या आधीच्या हुद्द्याचं, कारण त्या वर्षी जमादाराचा नायब सुभेदार झाला.

नसलेल्या पदकावर मात्र बेताने विसंबावं. पदक हरवतं, वाटणीत दुसऱ्या भावाकडे जातं, कधी मंजूर होऊनही घ्यायचं राहून जातं. म्हणून ‘नाही’वरून काढलेली तारीख पेन्सिलने लिहायची आणि ‘आहे’वरून काढलेली शाईने. शर्टावर फितींची पट्टी शिवलेली असेल तर तीही मोजावी. फ्रेममधून पदक गेलं तरी फीत शर्टावर राहते. इथे ओजी शर्टावर सातच फिती होत्या, रक्षा मेडलची नव्हती. त्यामुळे ती पेन्सिलची नोंद बरीच पक्की झाली.

निवृत्तीचा काळ आणखी आवळला तो फॉर्मेशन साइनने. कापडावर सुदर्शन चक्र होतं. ही २१ कोरची खूण, मुख्यालय भोपाळला, कोर उभी राहिली १९९० मध्ये. झाकणावरचं भोपाळ आणि हे चक्र एकमेकांना धरून आहेत. म्हणजे १९९० ते १९९७ च्या दरम्यान पंडितजी भोपाळहून घरी आले. अशा खुणा वाचताना कोर किंवा कमांड कधी उभी राहिली हे आधी पाहावं. १२ कोर १९८७ ची, १४ कोर १९९९ ची, साउथ वेस्टर्न कमांड २००५ ची. यांतल्या शेवटच्या दोनपैकी काही या ट्रंकेत निघालं असतं, तर ते आजोबांचं नव्हे हे लगेच कळलं असतं.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा मात्र कपड्यांच्या तळाशी, पंचांगांच्या गठ्ठ्यात होता. लष्करी सामान गोळा करणारे बहुधा हे रद्दीत टाकतात. जवानाच्या सामानात पंचांग क्वचित निघेल, पंडितजींच्या सामानात ते कामाचं हत्यार आहे आणि प्रत्येकावर साल छापलेलं असतं. शके १८९६ ते १९१४ मधली अकरा पंचांगं होती. शकात ७८ मिळवले की गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं इसवी साल येतं, जानेवारीपासून पुढे ७९. म्हणजे १९७४ पासून १९९३ च्या वसंतापर्यंत.

शके १९०१ च्या पंचांगापासून समासात एक नवी गोष्ट सुरू होते. श्रावण वद्य अष्टमीच्या शेजारी पेन्सिलने ‘भाद्रपद कृ.’ लिहिलंय. माघ वद्य चतुर्दशीशेजारी ‘फाल्गुन कृ.’ आणि आश्विन अमावास्येशेजारी ‘कार्तिक’. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचं नाव पुढचं होतं, शुद्ध पक्षात तेच राहतं. आणि खरोखरच रामनवमी किंवा गणेश चतुर्थीसारख्या शुद्ध पक्षातल्या तिथीसमोर एकही टीप नाही. मराठी पंचांगावरून तिथी काढून ती उत्तरेकडच्या जवानांना त्यांच्या महिन्यात सांगायची, एवढ्याच कारणासाठी या टिपा लिहिल्या गेल्या. शके १९०१ म्हणजे १९७९-८०. मराठ्यांतून कुमाऊँत बदली साधारण तेव्हाची. शर्टावरच्या दोन छिद्रजोड्यांनी क्रम सांगितला होता, वर्ष पंचांगाने दिलं.

समूह फोटोचा उपयोग थोडा झाला. त्यात पंडितजी गणवेशात, छातीवर तीनच फिती. फिती वाढतात, कमी होत नाहीत, म्हणून फोटो नऊ वर्षांच्या मेडलच्या आधीचा असावा, एवढंच. पदक मंजूर होऊन फीत लागायला कधी कधी वर्षं जातात, तेव्हा यावर जास्त भार टाकू नये.

इथवर आल्यावर कागद शोधणं सोपं जातं, कारण नेमकं काय विचारायचं ते कळलेलं असतं. आजींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांत बँकेकडे पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डर) प्रत होती. त्यावर जेसी नंबर, हुद्दा आणि रेकॉर्ड ऑफिसचं नाव मिळालं. मग मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि पीपीओची प्रत जोडून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला. अर्जात ‘सगळी माहिती द्या’ असं न लिहिता चार प्रश्न विचारले: भरतीची तारीख, पलटणींची नावं तारखांसह, बढतीची तारीख आणि मंजूर पदकांची यादी. नेमक्या प्रश्नांना नेमकं उत्तर येण्याची शक्यता जास्त. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. माहिती अधिकाराखाली दुसऱ्याच्या खासगी नोंदी मागितल्या तर नकार येऊ शकतो, म्हणून वारसाने वारस म्हणून थेट अर्ज करणं बरं. दरम्यान आजींच्या कपाटात डिस्चार्ज बुकही सापडलं. भरती १९६७, कुमाऊँत बदली १९७९, सुभेदारपदी बढती १९८१, निवृत्ती १९९३. ट्रंकेने दिलेल्या सगळ्या मर्यादांच्या आत हे बसलं. पलटणींचे क्रमांक त्यात पुसट आहेत, ते रेकॉर्ड ऑफिसच्या उत्तरातून यायचे आहेत.

सामान परत ठेवताना ते जुन्या ट्रंकेत कोंबू नये. कपडे आणि धातू वेगळे करायचे, कारण पितळ कापडाला आणि चामड्याला लागून राहिलं की हिरवा कळंक धरतं आणि कापड तिथे कुजतं. बिल्ले आणि टायटल एक-एक करून आम्लरहित टिश्यूत, कपडे मांजरपाटात, आणि मांजरपाट आधी धुऊन खळ काढलेला. घडीच्या आत टिश्यूची वळकटी घालावी, नाहीतर लोकर घडीवरच चिरते. जर्सीला कसर लागली होती. ती प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवली आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ दिली. लगेच उघडली तर थंड लोकरीवर दव धरतं. इंदूरच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या महिन्यातून एकदा बदलाव्यात. कुठल्याही समारंभात हा गणवेश कुणी अंगावर घालू नये. सैनिक असल्याचा भास होईल अशा रीतीने तो घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे.

प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर आता तीन गोष्टी आहेत: वस्तू काय, ती आजोबांचीच हे कशावरून, आणि ती लवकरात लवकर व उशिरात उशिरा कोणत्या सालची. तिसऱ्या टायटलच्या चिठ्ठीवर दुसरी ओळ रिकामी ठेवली आहे. त्याचा पुढून-मागून, मापासकट फोटो रेकॉर्ड ऑफिसच्या स्मरणपत्रासोबत जोडला आहे.